किलोभर तेल, लिटरभर संशय

कमी पडलेल्या गोष्टीचा जाब माणूस देऊ शकतो. सांडलं म्हणावं, डबा गळका निघाला म्हणावं, दुकानदाराने फसवलं म्हणावं. फसवला गेलेला माणूस आपल्याकडे सगळ्यांना मनापासून आवडतो. पण उरलेल्या गोष्टीचा जाब कसा द्यायचा, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीआधी, डोंबिवलीत मानपाडा रोडजवळच्या आमच्या 'सहजीवन' इमारतीत माझ्या हातून तेल उरलं. तेव्हापासून कुठल्याही सार्वजनिक कार्यात मी मागच्या रांगेत बसतो.

त्या वर्षी गोडं तेल इतकं महागलं होतं, की चकल्या तळाव्यात की नुसता चिवडा परतावा यावर बायका जिन्यात उभ्या राहून गंभीर चर्चा करत. अशाच एका चर्चेतून मी भाजीची पिशवी घेऊन वर चढत होतो. "अख्खा डबा कल्याणच्या घाऊक बाजारातून आणला तर स्वस्त पडेल," असं मी सहज बोलून गेलो. बोलायला नको होतं. आमच्या इमारतीत एखादी गोष्ट जो सुचवतो, त्यानेच ती करायची असते. त्यामुळे इमारतीत गेली काही वर्षं कोणाला काही सुचलेलं नव्हतं.

डबा पंधरा किलोंचा. भाग घेणारी बिऱ्हाडंही पंधरा. हा हिशेब इतका सुबक जुळला, की मला तो शुभशकुन वाटला. सोळावं बिऱ्हाड गुणाजीरावांचं. ते टपालखात्यातून निवृत्त झालेले, आणि 'सामुदायिक गोष्टींत आपण पडत नाही' हे त्यांचं ब्रीद. त्यांनी तेल घेतलं नाही, त्यामुळे बाकीच्यांच्या तेलावर देखरेख करायला ते पूर्ण मोकळे होते.

दुसरा शनिवार म्हणजे मला सुट्टी. मी कल्याणला गेलो, तेलाचा डबा घेतला आणि चंदूच्या रिक्षाने परत आलो. चंदू आमच्याच गल्लीतला रिक्षावाला. त्याने डब्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत, पण डबा सीटवर आणि मी त्याला धरून खाली वाकलेला, असा प्रवास करायला लावला. "काका, तेल लागलं तर सीट जाते. माणूस लागला तर पुसता येतो," असं तो म्हणाला. दारात उतरलो तेव्हा माझी कंबर डब्याच्याच आकाराची झाली होती.

आणि दारात शीला उभी होती. शीला म्हणजे माझी बायको.

"अहो, आज शनिवार," ती म्हणाली.

"माहीत आहे. सुट्टी आहे म्हणून तर गेलो."

"शनिवारी तेल घरात आणत नाहीत. लोखंडही आणत नाहीत. तुम्ही तेल आणलंत, तेही लोखंडाच्या डब्यात."

डबा रात्रीपुरता कोणी घरात ठेवेल का, हे विचारत मी बाकीच्या चौदाही बिऱ्हाडांची दारं वाजवली. शनीवर कोणाचा विश्वास नव्हता. प्रत्येकाने तसं स्पष्ट सांगितलं. मात्र प्रत्येकाच्या घरी कोणीतरी एक जुन्या वळणाचं माणूस होतं, आणि त्याचं मन मोडवत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या नंदावहिनींच्या घरी तर तसं माणूस कोणी नव्हतं. पण त्यांनी गावी असलेल्या सासूबाईंचं मन मोडायला नकार दिला. शेवटी डबा कोणाच्याच घरात न जाता खालच्या पंपाच्या खोलीत ठेवायचं ठरलं. गुणाजीरावांनी डब्याच्या तोंडावर कागदाची पट्टी डकवून तिच्यावर सही केली. खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्याकडे राहिली.

कारण पाणी माझ्याकडे होतं.

हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे येई, आणि ते ए विंगला किती आणि बी विंगला किती जाणार हे पंपाच्या खोलीतल्या व्हॉल्व्हवर ठरे. तो व्हॉल्व्ह फिरवायची लांब दांड्याची लोखंडी चावी माझ्या ताब्यात होती. हे काम मला सात वर्षांपूर्वी दिलं गेलं, तेही बिनविरोध. दुसऱ्या कोणाच्या नावावर दोन्ही विंगांचं एकमत होईना. मी स्वतः ए विंगमधला; पण आमच्या विंगला थेंबभर जास्त गेलं, असं बी विंग कधी म्हणाली नाही. ऑफिसात मला बढती मिळाली नव्हती, दाराशी स्कूटर नव्हती, पोराबाळांतही मी कोणी विशेष नव्हतो. पण पहाटे चावी खांद्याला लावून जिना उतरताना मला वाटे, की आपल्यालाही कोणीतरी काहीतरी विश्वासाने दिलेलं आहे. हसू आलं तर हसा. मला अजूनही येत नाही.

रविवारी सकाळी पॅसेजमध्ये वाटप सुरू झालं. गुणाजीरावांनी पट्टीवरची स्वतःची सही स्वतःच तपासून खरी ठरवली. मोजायला रखमाकाकूंचं ॲल्युमिनियमचं लिटरचं माप आणलं. रखमाकाकू इमारतीतल्या सगळ्यांत वडील. त्यांच्या यजमानांचं पूर्वी दुधाचं केंद्र होतं, त्यामुळे मापावर सरकारी शिक्का होता. "किलोचं लिटरने मोजायचं का?" असं कोणीतरी विचारलं. मी हसून सांगितलं, "अहो, एक लिटर म्हणजे एक किलो. चौथीत शिकलोय आपण." सगळे चौथी पास होते. सगळ्यांनी मान डोलावली.

मी एकेक माप भरत गेलो. माझा हात त्या दिवशी असा काही बसला होता, की थेंब इकडचा तिकडे झाला नाही. पंधरावी किटली माझी. ती भरली, आणि मी डबा आडवा करून शेवटचा थेंब निथळून दाखवायला गेलो. आत डबकन आवाज झाला.

मी डबा हलवला. पुन्हा झाला. गुणाजीरावांनी वाकून आत पाहिलं आणि सरळ उभे राहत, बढतीचं पत्र वाचावं तशा आवाजात म्हणाले, "तेल आहे."

मापाने मोजलं तर लिटरभर आणि वर बऱ्यापैकी. आमच्या इमारतीत आजवर वर्गणी कमी पडली होती, खुर्च्या कमी पडल्या होत्या, सत्यनारायणाला प्रसाद कमी पडला होता. उरलं असं काहीच नव्हतं.

"किती किलो होतं डब्यात?" गुणाजीरावांनी विचारलं.

"पंधरा."

"किती दिलं?"

"पंधरा."

"मग हे कुठलं?"

मी पुन्हा डब्यात पाहिलं. बाकीच्यांकडे मात्र उत्तरं होती. रखमाकाकूंनी पदर सावरत सांगितलं, "सीताराम, हे शनीचं आहे. शनिवारचं तेल आणलंस ना, ते वाढणारच. त्यात मी करंज्या तळणार नाही, आधीच सांगते." हे ऐकून जिन्यावरच्या तीन किटल्या जागेवर थांबल्या. पण शनीवर विश्वास नसलेल्या लोकांनी त्याहून वाईट उत्तर काढलं. डबा रात्रभर कुठे होता? पंपाच्या खोलीत. पंपाच्या खोलीत काय असतं? पाणी. किल्ली कोणाकडे? यापुढे कोणी काही बोललं नाही. आमचे लोक सुसंस्कृत आहेत, शेवटचं वाक्य ते समोरच्यावर सोडतात.

"अहो, पट्टी शाबूत होती," मी म्हणालो.

"पट्टी कागदाची होती," गुणाजीराव म्हणाले. "ओलसर वाटली मला."

शीलाने घरून स्टोव्ह आणला, डब्याच्या तळाचं तेल चमच्यात घेतलं, तवा तापवला आणि चमचा ओतला. तडतड नाही, काही नाही. पाण्याचा मागमूस नव्हता. सगळ्यांनी पाहिलं. "तुमच्या तव्यावर नाही तडतडलं," नंदावहिनी हळूच म्हणाल्या. घरोघरच्या तव्यांवर तेल तापवून पाहण्याइतकं स्वस्त नसल्यामुळे विषय तिथेच राहिला, म्हणजे माझ्या अंगावरच राहिला.

संध्याकाळी बैठक झाली. विषय तेलाचा, पण ठराव पाण्याचा. "ज्याला तेल मोजता येत नाही, त्याच्या हाती पाणी कसं ठेवायचं?" असा मुद्दा निघाला. मुद्दा बी विंगमधून निघाला असता तरी चाललं असतं. तो आमच्या शेजारच्या दारातून निघाला. खुलासा होईपर्यंत चावी तात्पुरती गुणाजीरावांकडे द्यावी असं ठरलं. दिवाळीनंतर ती कायमची कोणाकडे जायची ते बघू, असंही कोणीतरी म्हणालं. मी घरी जाऊन चावी आणली. ती देताना तिला गंज लागला होता का पाहिलं. नव्हता, मी दर महिन्याला तिला तेलाचा हात फिरवत असे.

"तेलाचा?" गुणाजीराव म्हणाले.

मी चावी त्यांच्या हातात ठेवली.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी रखमाकाकूंचं माप घेऊन ठाण्याला एका कचेरीत गेलो. कचेरीचं नाव सांगत नाही. ती आता तिथे नाही आणि नसलेल्यांबद्दल वाईट बोलू नये. खिडकीतल्या गृहस्थांना म्हणालो, माप तपासून हवंय.

"दुकान कुठे तुमचं?"

"दुकान नाही."

"मग माप कशाला?"

"तेल मोजायला."

"दुकान नसताना तेल मोजता?" त्यांनी माप उलटं केलं. "शिक्का जुना आहे. नव्याने मारून घेतलेला नाही. हे खरं तर ठेवून घ्यावं लागेल."

मी माप पिशवीत घातलं आणि विषय बदलावा म्हणून विचारलं, "किलोभर तेल म्हणजे किती लिटर होतं हो?"

"किलो पलीकडच्या टेबलावर. इथे लिटर."

"आणि दोन्हींचं एकमेकांशी काय?"

"बोलणं नाही," ते शांतपणे म्हणाले. "मे महिन्यापासून."

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नळ कोरडा होता. गुणाजीरावांनी पहाटे दोन्ही विंगांना समान न्याय देण्यासाठी व्हॉल्व्ह बरोबर मध्यावर ठेवला होता. पण बी विंगचा पाइप चढावर आहे, तिकडे थोडं जास्त सोडावं लागतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बी विंग कोरडी राहिली, ए विंगच्या टाकीतून पाणी वाहून गटारात गेलं, आणि मग घाबरून त्यांनी टाकीसकट दोन्हीकडचं बंद केलं. मला दोष देता येत नसल्यामुळे लोक जरा अवघडले होते. मी खुर्चीत बसून राहिलो. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी फार वाईट वाटत होतं. सात वर्षांत कोणी आभार मानले नव्हते याचं नाही. पंपाच्या खोलीत रात्रभर ठेवलेल्या एका डब्याने सात वर्षं पुसली गेली याचं.

शीला देवासमोर दिवा लावत होती. आमच्याकडे काचेच्या ग्लासातला दिवा असतो. खाली पाणी, त्यावर तेलाचा थर, आणि तेलावर तरंगती वात. तेल जपून वापरायची ही तिच्या माहेरची रीत. मी त्या दिव्याकडे रोज बघत होतो. लग्न झाल्यापासून बघत होतो.

"शीला," मी म्हणालो, "तेल पाण्यावर का गं तरंगतं?"

"हलकं असतं म्हणून," ती हात जोडून डोळे न उघडता म्हणाली. "चौथीत शिकवतात."

मी उठून उभा राहिलो. लिटरभर पाणी म्हणजे किलो. तेल पाण्याहून हलकं. म्हणजे लिटरभर तेल किलोपेक्षा कमी भरणार, आणि पंधरा किलोंत पंधरा लिटरांहून जास्त तेल मावणार. तेल वाढलं नव्हतं. ते पहिल्यापासून तेवढंच होतं. शनी निर्दोष होता, पंप निर्दोष होता, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पोपटला काट्यासकट बोलावलं. पोपट नाक्यावरचा रद्दीवाला. आसपास उचलून आणता येणारा काटा त्याच्याकडेच होता. माशांची पाटी घेऊन कोपरहून येणाऱ्या आवडाबाईंना आधी विचारलं होतं, पण त्या म्हणाल्या, "आमी वाटं लावताव रं दादा, तोलून कोन बसतंय." शिवाय दिवाळीचं तेल त्यांच्या पाटीशेजारी तोललं असतं तर रखमाकाकूंनी इमारत सोडली असती.

पोपटने दुसऱ्या पारड्यात खडे घालून रिकाम्या भांड्याचा धडा केला, भांड्यात मी लिटरभर तेल ओतलं आणि त्याने काटा उचलला. आठशे वीस ग्रॅम.

कमी भरणार हे मी सांगितलं होतं, पण इतकं कमी भरेल असं मलाही वाटलं नव्हतं. लोक एकमेकांकडे बघू लागले. पोपट मात्र समाधानात होता. त्याच्या काट्यावर आजवर सगळंच कमी भरलं होतं. तेव्हा शीला पुढे आली. "पोपट, आता तेल दुसऱ्या पारड्यात ठेव आणि वजनं या पारड्यात. धडा नव्याने कर."

"वहिनी, असा उलटा नाय वापरत काटा," पोपट म्हणाला. "त्याला सवय नाय."

त्याला सवय लावली. तेच तेल दुसऱ्या बाजूला हजार ग्रॅमच्या थोडं वर भरलं. पोपट आकाशाकडे बघत राहिला. ज्यांनी ज्यांनी त्याला रद्दी घातली होती, ते सगळे पोपटकडे बघत राहिले. शीला म्हणाली, "दोन्हींच्या मधलं धरा." म्हणजे नऊशेच्या जरा वर. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. मी छाती थोडी पुढे काढली, आणि ती तशीच असताना नंदावहिनी म्हणाल्या, "म्हणजे भाऊजी, आम्ही किलोचे पैसे दिले आणि तुम्ही आम्हाला नऊशेच दिलंत."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. आतापर्यंत मी भेसळवाला होतो. विज्ञानाच्या साहाय्याने मी मापात मारणारा ठरलो.

"देणार आहे," मी म्हणालो. "जे उरलंय ते तुमचंच आहे. प्रत्येकाचं नव्वद ग्रॅम राहिलंय."

"शास्त्राने बघायला गेलं तर उरलेलं तेल सोसायटीचं होतं," गुणाजीराव म्हणाले. सोसायटीत ते येतात, हे त्यांना एकदम आठवलं होतं. पण त्या दिवशी नळ पुन्हा कोरडा होता, म्हणून त्यांचं कोणी ऐकलं नाही.

नव्वद ग्रॅम तेल मोजायचं कशाने? वाटी म्हणावी तर प्रत्येकीची वाटी वेगळी, आणि पोपटच्या काट्यावर आता कोणी कोथिंबीरही तोलली नसती. शेवटी नंदावहिनींनी धाकट्याची दुधाची बाटली आणली. तिच्यावर रेघा होत्या. पण धाकट्याच्या हातून पन्नास आणि शंभर सोडून बाकीच्या पुसल्या गेल्या होत्या. मी हिशेब करून सांगितलं, की शंभराच्या रेघेच्या किंचित खाली. लोक म्हणाले, "अहो सणाचं आहे, आता किंचित काय मोजता, शंभर करून टाका." सणाचं असल्यामुळे मी शंभर करून टाकलं.

अशा रीतीने सहजीवनमधली सगळी कर्ती माणसं वाट्या घेऊन रांगेत उभी राहिली, आणि मी पायरीवर बसून दुधाच्या बाटलीने त्यांना तेल पाजू लागलो. माझ्या आयुष्यात मी इतका थकलो नव्हतो. कोणी म्हणे बाटली तिरकी आहे, कोणी म्हणे रेघेच्या वर भरा, कोणी म्हणे फेस बसू द्या. रखमाकाकूंनी शनीचं तेल नको म्हणता म्हणता वाटी पुढे केली. किलो-लिटरचं सगळं ऐकल्यावर शनी त्यातून गेला असावा.

शेवटचा मी. डबा आडवा केला, मग उलटा केला, मग पायरीवर टेकवून ठेवला. डब्याच्या कडेला एक थेंब आला, बराच वेळ विचार करत राहिला आणि परत आत गेला. चौदा जणांचं किंचित आणि रेघेच्या वर भरलेलं मिळून माझा वाटा झाला होता.

मी रिकामी बाटली नंदावहिनींना परत दिली. म्हणालो, "झालं. सगळ्यांचं पूर्ण झालं."

"तुझं?" रखमाकाकूंनी विचारलं.

"माझं लिटर मिळालं की."

मला वाटतं, लोकांना त्या क्षणी फार बरं वाटलं. तीन दिवस त्यांच्यासमोर उरलेलं तेल होतं आणि त्याचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. आता शेवटी कोणाचंतरी कमी पडलं होतं, तेही मोजणाऱ्याचंच. हे त्यांच्या ओळखीचं होतं.

रखमाकाकू गुणाजीरावांकडे वळल्या. "गुणाजी, चावी आण."

"पण खुलासा अजून लेखी—"

"वाटणाऱ्याच्या घरी कमी पडलं ना? आणखी कसला खुलासा? चावी आण. दोन दिवस अंघोळ नाही माझी."

गुणाजीरावांनी चावी आणून दिली. देताना म्हणाले, "जड आहे हो." ते मनापासून म्हणाले असं मला वाटलं, आणि माझा सगळा राग तिथेच विरघळला. शीला तेवढ्यात रिकामा डबा उचलून घरी घेऊन चालली होती. पाणी भरून ठेवायला डबा हवाय, असं ती दोन वर्षं म्हणत होती. "शनिवारचं लोखंड ना गं ते?" मी विचारलं. "आज मंगळवार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पंपाच्या खोलीत उतरलो. पाइपात घरघर झाली, पाणी आलं, मी चावी बसवून सवयीने बी विंगकडे जरा झुकती ठेवली. कंबर अजून दुखत होती. वर कुठेतरी खिडकी उघडली आणि नंदावहिनींच्या यजमानांचा आवाज आला.

"सीतारामभाऊ, धार बारीक आहे. आज किलोने सोडताय की लिटरने?"

तीन खिडक्यांतून हसल्याचा आवाज आला. पाण्याचा किलो आणि लिटर एकच असतो, त्यात चूक होऊच शकत नाही, हे मला ओरडून सांगता आलं असतं. मला सगळ्या जगात तेवढंच एक नक्की माहीत होतं. पण मग कोणीतरी खाली येऊन मोजायला लागलं असतं. मी चावी अर्धा फेरा आणखी फिरवली.